पडद्यावरची ओहोटी

त्या खोलीत जाताना चपला काढायला लागायच्या. देवळात नाही काढत एखादा, पण तिथे हेडमास्तरसुद्धा काढायचे. खिडक्या बंद, वर जाड निळे पडदे. मशीनला धूळ सोसत नाही आणि खारा वारा तर अजिबात सोसत नाही म्हणे. समुद्राच्या डोक्यावर, उघड्या कातळाच्या सड्यावर शाळा बांधलेली, आणि म्हणे वारा नको! मी गंगुबाई, शाळेची शिपाईण. झाडू माझ्याकडे, किल्ली माझ्याकडे आणि घंटाही माझ्याकडे. तोंडाने फटकळ आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. पण गुणवंतीबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की मला राहवत नाही, म्हणून काय झालं ते मीच सांगते.

गुणवंती म्हणजे आमच्या वाडीतल्या ठमाबाईची एकुलती एक लेक. पूर्णगडाच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमची वाडी. गुणवंती पाळण्यात होती तेव्हाच बाप होडीवरून गेला तो परत आला नाही. ठमाबाईने पोरीला कालवांवर वाढवली. ओहोटीला खडकावर जायचं, चिकटलेली कालवं लोखंडी टोच्याने फोडायची, आतला गर काढायचा आणि टोपली डोक्यावर घेऊन पावस गावापर्यंत चालत जाऊन विकायचा. हाताची बोटं बघा तिची, एक धड नाही. त्या बोटांवर पोर मॅट्रिक झाली, डी.एड. झाली आणि आमच्याच शाळेत पाचवी-सहावीला बाई म्हणून आली. पहिल्या दिवशी ठमाबाई शाळेच्या गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, बाहेर उभी राहून लेकीचा आवाज ऐकत होती. मी म्हटलं, आत ये की. तर म्हणते, “नको गो, माझ्या अंगाला वास येतो.”

आता खडपाचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वाडीसमोर समुद्रात एक लांबलचक खडप आहे. भरतीला दिसत नाही, ओहोटीला उघडं पडतं. किनारा आणि खडप यांच्या मधे एक घळ आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी पुरतं उतरलं की घळीत गुडघ्याएवढं राहतं, बाया त्यातून पलीकडे जातात. पाणी फिरलं की आधी भरते ती घळ. बायांच्या पाठीमागे भरते. पायाखाली खडप कोरडं असतं आणि परत यायची वाट गेलेली असते.

म्हणून खडपावर एक बाई वाकत नाही. बाकीच्या माना खाली घालून कालवं फोडतात, ती उभी राहते आणि पाण्याकडे बघते. तिने “फिरा गो” म्हटलं की हातातलं टाकून निघायचं. तिच्याखेरीज पाण्याबद्दल तिथे कुणी चकार शब्द काढायचा नाही. दहा तोंडं झाली की गोंधळ होतो, आणि खडपावर पाण्याचं नाव घेतलं की पाणी धावत येतं असंही आमच्या म्हाताऱ्या सांगत आल्या. परतताना ती बाई सगळ्यांच्या शेवटी घळीत उतरते. याबद्दल तिला प्रत्येकीच्या टोपलीतून मूठभर कालवं. माझं लग्न होऊन मी वाडीत आले तेव्हापासून ती बाई ठमाबाईच होती. तिच्या हाकेवर वाडीतल्या बाया जिवंत होत्या, आणि तिची हाक कधी चुकली नव्हती.

सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर शाळेत सरकारी योजनेतून कम्प्युटर आले. दोन. टीव्हीसारखी डबडी, खाली टाइपरायटरसारख्या कळा. हेडमास्तरांनी नारळ फोडला आणि मग खोलीला कुलूप घातलं, कारण चालवायचं कोणालाच माहीत नव्हतं. शिकायला कोण जाणार, तर जुन्या मास्तरांनी माना वळवल्या. शेवटी सगळ्यात लहान म्हणून गुणवंतीला पाठवली. ती शिकून आली ती झपाटल्यासारखी झाली.

येताना तिने काळ्या चौकोनी तबकड्या आणल्या होत्या. संध्याकाळी शाळा सुटली की ती खोलीत बसायची आणि मी कुलूप लावायला म्हणून दाराशी बसायची. मग ती मला सगळं सांगायची. दुसरं होतंच कोण ऐकायला? तर त्या तबकड्यांत तयार तुकडे होते. कुठल्या कुठल्या मास्तरांनी, इंजिनेरांनी आधीच करून ठेवलेले. एक तुकडा प्रश्न विचारतो. एक तुकडा उत्तर तपासतो, बरोबर असेल तर गाण्यासारखं वाजवतो आणि चूक असेल तर घों करतो. एक घड्याळ दाखवतो, एक चित्रातलं पाणी वरखाली करतो. शिक्षकाने हवे ते तुकडे घ्यायचे, एकाला एक जोडायचे आणि आपला धडा तयार करायचा. पोरांनी कळ दाबली की धडा त्यांच्याशी बोलणार.

मी म्हटलं, “म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या!”

ती हसली. “मावशी, पीठ आयतं असलं तरी भाकरी मलाच थापायला लागते.”

“आणि पीठ किडकं निघालं तर?”

“ते तपासलेलं असतं गो.”

तेव्हा तीही हसली, मीही हसले. बोलाफुलाला गाठ पडते म्हणतात ना, ती अशी पडू नये कुणाच्या बाबतीत.

तिला धडा कशाचा करायचा होता? भरती-ओहोटीचा. पुस्तकात तो धडा होता, पण पुस्तकातला समुद्र कुठला कोण जाणे. तिला आपला समुद्र हवा होता. तिने मशीनच्या पडद्यावर आमची खाडी काढली, खडप काढलं, घळ काढली. मराठी अक्षरंसुद्धा ठिपक्याला ठिपका लावून तिनेच बसवली. मग तुकडे जोडायला लागली. भरतीची वेळ काढायची आमची रीत तुम्हाला ठाऊक असेल, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर भरती तीनला, तिथून सहा तासांनी ओहोटी. पण मशीनला आजची तिथी कोण सांगणार? तर त्यालाही तयार तुकडा होता. कोणीतरी चंद्राच्या कला शिकवायला केलेला. तारीख घातली की आजचा चंद्र केवढा ते तो दाखवायचा. गुणवंतीने त्या चंद्राला पाऊणपट जोडली, पाऊणपटीला घड्याळ जोडलं, घड्याळाला पाणी जोडलं. मार्गशीर्षात धडा पुरा झाला. त्या दिवशी ती मला हात धरून गडग्यापर्यंत घेऊन गेली. खाली खऱ्या घळीत पाणी फिरत होतं, आणि परत खोलीत येऊन बघितलं तर पडद्यावरही नेमकं तेव्हाच फिरत होतं. माझ्या अंगावर काटा आला. आनंदाने आला असं तेव्हा वाटलं.

पोरं तर वेडी झाली. आधी घरी जाऊन आईबापांना शाळेतलं काही सांगायची नाहीत, आता भरती सांगायला लागली. बाहेर पडून बघायचं सोडून पडद्यावर बघायची. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मी एकदा म्हटलं, तर एक कार्टं मला म्हणतं, “गंगुबाई, तुम्हाला कायपण नाय कळत.” लगावली असती एक. पण गुणवंतीचं तोंड असं फुललेलं होतं की मी गप्प बसले.

शिमग्याला मुंबईची माणसं गावी आली. होळी झाली होती, पालखी घरोघर फिरत होती, आणि हेडमास्तरांच्या मनात आलं की चाकरमान्यांना मशीन दाखवावं. सकाळी सगळ्यांना बोलावलं. खोलीत मावेना इतकी माणसं, दाराबाहेर चपलांचा ढीग. पोरांनी धडा चालवून दाखवला, मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या. मग गुणवंती आईला पुढे घेऊन आली. नवं लुगडं नेसून ठमाबाई आली होती. लेकीने तिला खुर्चीवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा ती शाळेच्या खुर्चीवर बसत होती.

पडद्यावर खाडी आली. खाली प्रश्न आला आणि गुणवंतीने वाचून दाखवला, “आता पाणी चढतंय की उतरतंय? चढत असेल तर ही कळ, उतरत असेल तर ही.”

ठमाबाई हसली. असला प्रश्न तिला काय विचारायचा! नुकतीच ती वाडीतून चढून आली होती, येता येता पाण्यावर नजर टाकून आली होती. तिने ‘चढतंय’ची कळ दाबली.

मशीन घों करून ओरडलं. पडद्यावर आलं, ‘चूक. पुन्हा प्रयत्न कर.’

ती दचकली. वाटलं, बोट नीट लागलं नाही. पुन्हा तीच कळ दाबली. पुन्हा घों. मागून कोणीतरी ओरडलं, “ठमाकाकी नापास!” आणि सगळी खोली हसली. चांगल्या मनानेच हसली, वाईट कोणाच्या पोटात नव्हतं. खिडक्यांना पडदे होते. एकाने तो पडदा बाजूला केला असता तर पाणी चढताना दिसलं असतं, पण ते कुणाला सुचावं? मशीनसमोर बसून समुद्राकडे बघायचं म्हणजे मशीनवर अविश्वास. गुणवंतीही बघायला गेली नाही. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “असू दे आये. होतं कधी कधी.”

ठमाबाईने मग दुसरी कळ दाबली. मशीनने गाणं वाजवलं. ‘शाब्बास!’ लोकांनी टाळ्या पिटल्या. तीही हसली, पदर तोंडाला लावून. मी तिच्या शेजारी उभी होते. तिचं ते हसू मला आवडलं नाही, सरळ सांगते.

त्या दिवशी घरी जाताना ती मला म्हणाली, “गंगे, डोळं गेलं काय माझं?”

“डोळे कसले जातायत, त्या डबड्याला काय कळतं!”

तर माझ्यावरच उखडली. “डबडं म्हणू नको. माझ्या पोरीनं केलंय ता.”

तिथून सगळं फिरलं. पुढच्या अमावास्येला बाया खडपावर निघाल्या तेव्हा ठमाबाई आधी म्हणाली, “गुणीच्या मशीनला विचारलं काय?” सखू माझी शेजारीण, तिची पोर सहावीत. पोरीने मशीनची वेळ सांगितली. त्या वेळेने गेल्या. खडपावर ठमाबाई उभी राहिली, पण रोजच्यासारखी नाही. सखूने मला नंतर सांगितलं, ती पाण्याकडे बघायची, मग उन्हाकडे बघायची, परत पाण्याकडे. शेवटी हाक मारली ती मशीनच्या वेळेच्या थोडी आधी आणि स्वतःच्या वेळेच्या बरीच नंतर. घळीत मांडीपर्यंत पाणी लागलं. बाया चिडल्या. पण त्या चिडल्या कशावर बघा! पाणी वाढलं यावर नाही. मशीन म्हणत होतं अजून वेळ आहे, मग ठमीने आधीच का उठवलं, टोपल्या अर्ध्याच भरल्या, यावर. आणि रात्री जेवताना लेकीनेही हसत हसत विचारलं, “आये, आधीच फिरलात म्हणे?” प्रेमाने विचारलं हो. पण म्हातारीने ते मनाला लावून घेतलं.

मी गुणवंतीला म्हटलं, “घळीत मांडीभर पाणी लागलं. इतकं कधी लागत नाही.”

“वारा असेल मावशी. वाऱ्याने फुगतं पाणी.”

वारा होताच म्हणा त्या दिवशी. वारा कुठल्या दिवशी नसतो?

चैत्र लागला, शाळा सकाळची झाली. पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. त्या दिवशी रत्नागिरीहून दोन साहेब गुणवंतीचा धडा बघायला येणार होते. बाया खडपावर जाणार होत्या, सखूही होती. मशीनचं म्हणणं, मधल्या सुट्टीच्या सुमाराला पाणी फिरेल. खडपावर घड्याळ कुणाकडे? पण शाळेची घंटा तिथे स्वच्छ ऐकू जाते, रुळाचा तुकडा आहे तो, दणदणीत वाजतो. मी पहाटे विहिरीवर होते तेव्हा ठमाबाई टोपली घेऊन निघाली होती. मला म्हणाली, “गंगे, आज तुझ्या घंटेवर फिरणार आम्ही. मधल्या सुट्टीची वाजव वेळेवर. आज पोरीची साहेबांसमोर परीक्षा हाय, आज तिची वेळ मी मोडायची नाय.”

मी म्हटलं, “पाण्यावर लक्ष ठेव गो बाय.”

“लक्ष काय, मशीन हाय ना,” म्हणाली आणि गेली.

साहेब आले, चपला-बूट काढून खोलीत बसले. गुणवंतीने धडा लावला. पोरं कळा दाबत होती, गाणी वाजत होती. पडद्यावर पाणी उतरत होतं, घळीत खडकाचे दात दिसायला लागले होते. मोठे साहेब म्हणाले, “वा! अगदी हुबेहूब. खरी खाडी कुठून दिसते?” हेडमास्तरांनी मला खूण केली. मी खिडकीपाशी गेले आणि निळा पडदा बाजूला ओढला.

खाली घळ भरली होती. किनारा आणि खडप यांच्या मधे निळं पाणी, मधे एकही दगड दिसत नव्हता. आणि पलीकडे खडपावर, कोरड्या खडपावर, आमच्या बाया माना खाली घालून कालवं फोडत होत्या. एकटी ठमाबाई उभी होती. तोंड पाण्याकडे नव्हतं तिचं. शाळेकडे होतं. माझ्या घंटेची वाट बघत होती.

गुणवंतीने एकदा मशीनच्या पडद्याकडे बघितलं, एकदा खिडकीतून. तशीच अनवाणी पळत सुटली, साहेबांच्या पायावर पाय देऊन. मी व्हरांड्यात गेले आणि घंटेवर टोल हाणायला लागले. एक नाही, दोन नाही, हाणतच सुटले. पोरं सुट्टी समजून वर्गाबाहेर आली. हेडमास्तर ओरडत आले, “गंगुबाई! वेड लागलं का? वेळ झालेली नाही!”

“वेळ झाली कधीच!” मी म्हटलं. “मेल्या, तुमच्या मशीनला कळली नाही एवढंच!” हेडमास्तरांना मेल्या म्हटलं मी. त्या वेळी नोकरी बिकरी काही सुचत नव्हतं.

पुढचं मला सखूने सांगितलं. ती म्हणाली, ठमाबाईला पाणी फिरलेलं कधीच कळलं होतं. तिचं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं, हे सखूने डोळ्यांनी बघितलं. सखूलाही कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं, पाठीमागे घळीत चुबुक चुबुक आवाज येत होता. पण खडपावर पाण्याचं नाव दुसरीने घ्यायचं नाही. टोचे चालत राहिले, कोणी मान वर केली नाही. घंटा झाली तसं ठमाबाईने कधी नव्हे एवढ्या मोठ्याने “फिरा गो” केलं. बायांनी टोपल्या टाकल्या, एकमेकींच्या पदराची टोकं धरली आणि गळ्याएवढ्या पाण्यात उतरल्या. सखूच्या तोंडात दोनदा पाणी गेलं. एकेक करून किनाऱ्याला लागल्या. शेवटची ठमाबाई. तिचा पदर धरायला मागे कोणी नव्हतं, आणि पुढचीचा पदर तिच्या हातातून सुटला.

गुणवंती उतारावरून पोचली तेव्हा आईचं डोकं पाण्यावर दिसत होतं. ती धावली, बायांनी तिला धरून ठेवली, नाहीतर दोघी गेल्या असत्या. “आये! आये!” असा जो टाहो तिने फोडला तो वर सड्यावर मला ऐकू आला. नशीब म्हणा, खाडीतून वाडीतल्या भिवाची होडी बाहेर पडत होती. त्याने वल्हं आडवं घातलं. म्हातारीला होडीत ओढून घेतली तेव्हा तिच्यात जीव होता, आणि पायाचं हाड मोडलेलं होतं.

चूक काय होती? गुणवंती दोन दिवस त्या खोलीत बसली आणि तिने ती काढली. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा असतो. त्या तयार तुकड्याला अर्धं कळत नव्हतं, तो पुऱ्या दिवसांतच मोजायचा. दर महिन्याला अर्धा दिवस टाकून द्यायचा. वर्गात चंद्र काढून दाखवायला तेवढ्याने काय बिघडतं? ज्याने तो केला त्याने समुद्रासाठी केलाच नव्हता. पण अर्ध्या अर्ध्या दिवसाने मशीनचा चंद्र खऱ्या चंद्राच्या पुढे पळाला, आणि मशीनची ओहोटी खऱ्या ओहोटीच्या मागे राहिली. मार्गशीर्षात बरोबर होतं. चैत्रापर्यंत चार महिन्यांत दोन दिवस पुढे, म्हणजे पाऊणपटीने दीड तासाची तफावत पडली. “एकही तुकडा वाईट नव्हता मावशी, जोडणी माझी होती,” असं ती मला म्हणाली आणि रडली. मी तिला रडू दिलं.

आणि ती आईला सांगायला गेली. पाय पट्ट्यांत बांधून ठमाबाई पडवीत पडली होती. मी तिथेच पेज घेऊन गेले होते.

“आये, माझं मशीन चुकलं. शिमग्यालाही चुकलंच होतं. तुझं बरोबर होतं, पाणी चढतच होतं.”

ठमाबाईने तिच्या तोंडावरून हात फिरवला. “बरं गो.”

“बरं काय? ऐक ना. मी चुकले.”

“तू कशी चुकशील? एवढी शिकलीस ती काय चुकायला? माझंच वय झालं.” आणि माझ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला, पोरगी आईला बरं वाटावं म्हणून बोलते अशा अर्थाने.

काय बोलायचं सांगा. आयुष्यभर बोटं फोडून घेतली ती ही मुलगी चुकू नये म्हणून. आता मुलगीच म्हणते मी चुकले, तर म्हातारीने ते कुठे ठेवायचं? गुणवंतीने वीस वेळा सांगितलं. सखूने सांगितलं, भिवाने सांगितलं, मी तर भांडले. ती सगळ्यांना बरं म्हणायची. बाया दारात येऊन विचारायच्या, “ठमाकाकी, उद्या पाणी कधी?” तर म्हणायची, “गुणीला विचारा. माझा काय भरवसा.” दुसरी कोणी खडपावर उभी राहायला तयार होईना. एवढे जीव अंगावर घ्यायची कुणाची छाती नव्हती, आणि कालवांवाचून चुलीही पेटत नव्हत्या.

मग गुणवंतीने हट्ट घेतला. तयार तुकडे सगळे काढून टाकले आणि स्वतःच्या हाताने नवीन धडा केला. पंचांग समोर ठेवून एकेक तिथी घातली, गडग्यावर बसून रोज पाण्याशी ताडून बघितली. महिने गेले त्यात. मला म्हणाली, “मावशी, त्याच मशीनने एकदा तिला बरोबर म्हणायला हवं. लोकांसमोर घों केलं ना, आता लोकांसमोर शाब्बास म्हणेल. मग विश्वास बसेल तिचा स्वतःवर.” मला पटलं ते. पुढे गणपती झाल्यावर, म्हातारी काठी घेऊन चालायला लागली तेव्हा, आम्ही तिला वर शाळेत आणलं. खडपावरच्या सगळ्या बायाही आल्या.

या वेळी पडदे मी आधीच उघडून ठेवले होते. खिडकीतून सगळा समुद्र समोर. पाणी चढत होतं, घळ अर्धी भरली होती, आंधळ्याला आवाजावरून कळलं असतं. ठमाबाईला खुर्चीवर बसवली. पडद्यावर तोच प्रश्न आला आणि गुणवंतीने तसाच वाचला. “आता पाणी चढतंय की उतरतंय?”

आम्ही सगळ्या मनातल्या मनात म्हणत होतो, बघ गो बाय, एकदा बाहेर बघ.

ठमाबाईचं बोट कळांवर वर गेलं. तिथे थांबलं. खिडकी तिच्या उजव्या हाताला होती, मान जराशी वळवायची होती. तिने मान वळवली ती डावीकडे, लेकीकडे.

“गुणे,” ती म्हणाली, “तू सांग ना. कुठली दाबू?”

गुणवंतीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मशीन वाट बघत घरघरत राहिलं. दाराशी सखू उभी होती, तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, “गंगे, परवा अमावास्या ना?”

मी म्हटलं, हो, परवाच.